कोरेगाव, ताशी १,५९५ किलोमीटर

कोरेगाव मुंबईपेक्षा वेगवान आहे. हे वाक्य मी मुंबईच्या पाहुण्यांना हमखास ऐकवतो आणि ते हमखास हसतात. साताऱ्याहून पंढरपूरच्या रस्त्याला लागलं की वीसेक किलोमीटरवर येणारं हे तालुक्याचं गाव. वाघ्या घेवड्याची पोती, आल्याच्या गाड्या आणि गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागं अडकून पडलेल्या एसट्या. वेगाशी त्याचं नाव जोडायचं म्हणजे चेष्टाच. पण हिशेब साधा आहे. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तेव्हा विषुववृत्तावरचा माणूस ताशी १,६७४ किलोमीटरनं पूर्वेकडे जात असतो, ध्रुवावरचा जागच्या जागी गिरकी घेत असतो आणि बाकीचे आपापल्या अक्षांशाप्रमाणे अधेमधे. कोरेगाव साधारण १७.७ अंश उत्तरेला, म्हणजे ताशी १,५९५ किलोमीटर. मुंबई १९ अंशांवर, म्हणून तिच्या वाट्याला १,५८३. दिल्ली तर १,४७० वरच अडलेली. सांगलीकरांनी मात्र खुशाल कॉलर ताठ करावी, ते आमच्याही सात किलोमीटर पुढं आहेत.

सेकंदाचा हिशेब केला तर ४४३ मीटर. ‘कोरेगाव’ म्हणेपर्यंत कोरेगाव जवळजवळ अर्धा किलोमीटर पूर्वेला सरकलेलं असतं. देवळाच्या पायरीवर तंबाखू मळत बसलेले आबा, त्यांच्या पायाशी झोपलेलं कुत्रं, समोरचा पिंपळ, पिंपळावरचा कावळा, सगळे त्याच वेगात. आणि आबांच्या तळहातावरची चिमूटभर तंबाखूसुद्धा सांडत नाही.

त्यामुळं कुणी उसासा टाकून ‘जरा थांबावं हो सगळं’ असं म्हणालं की मी सावध होतो. मार्च २०२० मध्ये ‘जग थांबलं’ हे शब्द इतक्या वेळा छापून आले की शेवटी ते खरेच वाटायला लागले. पुणे-मिरज मार्गावरच्या गाड्या बंद झाल्या, पंढरपूर रस्त्यावर कुत्री निवांत पसरली, बाजार ओस पडला. माणसं थांबली हे खरं, आणि त्याची किंमत हातावर पोट असलेल्यांनी मोजली हेही खरं. पण जग? ते त्याही दिवसांत ताशी १,५९५ नं चाललंच होतं. त्यानं खरोखर थांबायचं ठरवलं असतं तर ती बातमी छापायला कुणी उरलं नसतं.

थांबवण्याची हौस जुनी आहे. साताऱ्याकडच्या अंगाला जरंडेश्वराचा डोंगर आहे, वर मारुती. हनुमान द्रोणागिरी घेऊन निघाला तेव्हा त्यातला एक तुकडा इथं पडला, अशी आमच्याकडची श्रद्धा. त्या गोष्टीतली खरी धावपळ वेळेशी आहे, सूर्य उगवायच्या आत औषधी पोचली पाहिजे. बंगालीतल्या कृत्तिवास रामायणात तर हनुमान यावर सरळ उपाय करतो, सूर्यालाच काखेत धरून ठेवतो. महाभारतात कृष्ण सूर्य थांबवत नाही, नुसता झाकतो आणि पुन्हा दाखवतो. ‘हा सूर्य आणि हा जयद्रथ’ ही आपली म्हण त्यातूनच आली. पण माझी आवडती गोष्ट मार्कंडेय पुराणातली आहे. सूर्योदयाला नवरा मरेल असा शाप ऐकून एक पतिव्रता म्हणते, मग सूर्य उगवणारच नाही. आणि तो उगवत नाही. रात्र संपेना, यज्ञ होईनात, देवांची भूक भागेना. शेवटी ते अनसूयेकडे धावतात, ती मध्ये पडते, नवऱ्याला पुन्हा जिवंत करायचा शब्द देते आणि मग कुठं उजाडतं.

या सगळ्या गोष्टींत एक सोय आहे. थांबतो तो सूर्य. खालची जमीन बापडी होती तिथंच असते; कुणाचं भांडं कलंडत नाही, कुणाचं छप्पर उडत नाही. नुकसान होतं ते कामाच्या खोळंब्याचं. सूर्य फिरतो असं धरलं की त्याला अडवणं स्वस्तात पडतं. महाग पडायला लागलं ते आर्यभटापासून.

आर्यभटानं इसवी सन ४९९ च्या सुमाराला सांगितलं की फिरते ती पृथ्वी. नावेत बसलेल्याला काठावरची झाडं मागं जाताना दिसतात, तसे आपल्याला तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात. त्यानं वेगही दिला: एका प्राणात पृथ्वी एक कला वळते. प्राण म्हणजे एक श्वास, चार सेकंदांचा. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. हा हिशेब आजच्या मोजमापाला चपखल बसतो. कोरेगावच्या अक्षांशावर एक कला म्हणजे पावणेदोन किलोमीटरच्या थोडं वर. म्हणजे आबांचा एक श्वास पुरा झाला की गाव पावणेदोन किलोमीटर पुढं गेलेलं असतं. माणसाच्या श्वासानं पृथ्वी मोजण्याची ही कल्पना मला दुर्बिणीच्या शोधाइतकीच थोर वाटते.

पण त्याचं म्हणणं पुढच्या पंडितांच्या गळी उतरलं नाही. वराहमिहिरानं विचारलं, पृथ्वी फिरत असेल तर आकाशात गेलेले ससाणे आपल्या घरट्याकडे परत कसे येतात? ब्रह्मगुप्तानं ६२८ च्या आपल्या ग्रंथात विचारलं, उंच उंच वस्तू पडत का नाहीत? आज आपण या शंकांना हसतो, ते बरं नव्हे. इतके नेमके प्रश्न विचारणारा विरोधक मिळायलाही नशीब लागतं. उत्तर मिळायला पुढं हजार वर्षं गेली. ससाणा घरट्यापासून उडतो तेव्हा घरट्याचा वेग घेऊनच उडतो, आणि ज्या हवेत तो तरंगतो तीही त्याच वेगानं चाललेली असते. म्हणून तो हुकत नाही. आणि पुढं १८५१ मध्ये फुकोनं पॅरिसमध्ये लांब लंबक टांगून फिरण्याचा पुरावाच डोळ्यांसमोर ठेवला. पुण्याच्या आयुकात असा लंबक आहे. तिथं उभं राहिलं की झोक्याची दिशा हळूहळू बदलताना दिसते, म्हणजे खरं तर पुणं बदलताना दिसतं.

आता गंमत बघा. वराहमिहिर आणि ब्रह्मगुप्त यांनी जे होईल म्हणून सांगितलं, ते सगळं होईलच, फक्त पृथ्वी फिरताना नव्हे तर थांबताना. ससाणे घरट्याला मुकतील आणि उंच वस्तू पडतील. एच. जी. वेल्सनं १८९८ मध्ये यावर एक कथा लिहिली. त्यातल्या साध्यासुध्या कारकुनाला चमत्कार करता येऊ लागतात. चांगली कामं करायला रात्र पुरत नाही म्हणून पाद्र्याच्या सांगण्यावरून तो पृथ्वीला थांबायला सांगतो, आणि पुढच्या क्षणी गाव, घरं, गुरं, तो स्वतः, सगळं भिरकावलं जातं. मागणी काय होती? फक्त थोडा जास्त वेळ.

कोरेगावात हे कसं दिसेल? समजा भर दुपारी पृथ्वी एका क्षणात थबकली. जमीन थांबली, पण जमिनीवरचं काहीच थांबलं नाही. बाजार समितीतली घेवड्याची पोती, तोलकाटा, तोलणारा हमाल, दारात उभा टेम्पो, सगळे सेकंदाला ४४३ मीटरनं पुसेगावच्या दिशेनं निघाले. घराचा पाया राहिला, भिंती गेल्या. पिंपळाची मुळं राहिली, पिंपळ गेला. हवाही थांबलेली नाही, म्हणजे उरल्यासुरल्यावर ताशी सोळाशे किलोमीटरचं वारं. आवाज हवेतून सेकंदाला ३४३ मीटर जातो, हे वारं त्याच्याही पुढं. पुढं ही हवा जमिनीला घासत थांबेल तेव्हा तिची गती उष्णतेत जाईल. किलोभर हवेत त्या गतीची सुमारे ९८ किलोज्यूल ऊर्जा असते, आणि तेवढ्यात तिचं तापमान शंभरेक अंशांनी चढतं. वैशाखाचं ऊन त्यापुढं थंडावा म्हणायचं.

मग समुद्र. कोरेगावपासून नाकासमोर पश्चिमेला गेलं तर दाभोळच्या आसपासचा किनारा एकशेपाचेक किलोमीटरवर आहे. आपल्याला समुद्र दूर वाटतो कारण मध्ये सह्याद्री आहे. पण सेकंदाला ४४३ मीटरनं निघालेलं पाणी, वाटेत काही गमावलं नाही तर, दहा किलोमीटर उंच चढू शकतं. महाबळेश्वर १,४३८ मीटर. तेव्हा सह्याद्री हा अडथळा नव्हे, उंबरठा. आणि वेळ चार मिनिटं. अर्थात तोवर ते बघायला कोरेगावात कुणी नसेल, सगळे केव्हाच पूर्वेला रवाना.

सूर्य जागेवर ठेवायचा आणि कुणाला इजाही होऊ द्यायची नाही, याची एकच सभ्य युक्ती आहे: आपणच पश्चिमेकडे तेवढ्या वेगानं जायचं. ग्रहणात चंद्राच्या सावलीला धरून राहायचं तर उलट पूर्वेकडे पळावं लागतं: ३० जून १९७३ च्या खग्रास ग्रहणात काँकॉर्ड विमान आफ्रिकेवरून त्या सावलीबरोबर धावलं आणि आतल्या शास्त्रज्ञांना ७४ मिनिटं खग्रास स्थिती बघायला मिळाली. कोल्हापूरला जन्मलेल्या जयंत नारळीकरांनी मात्र पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानातून पश्चिमेला उगवलेला सूर्य पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. वरच्या अक्षांशांवर साध्या विमानालाही ते जमतं. कोरेगावच्या डोक्यावरून जाणाऱ्या विमानाला नाही जमणार, इथं पृथ्वी फार जोरात आहे.

पण एकदम थांबवायचं तरी कशाला? एसटीचा ड्रायव्हर करकचून ब्रेक मारतो तेव्हा सगळे पुढच्या सीटवर आपटतात. तोच हळू गाडी लावतो तेव्हा झोपलेल्याला जागही येत नाही. पृथ्वीला असं थांबवलं तर? हा हिशेब मी कागद घेऊन केला आणि त्यातून जे निघालं त्यानं मी थक्क झालो. तासाभरात थांबवायची तर माणसाला काही होणार नाही. तो झटका गुरुत्वाच्या ऐंशीव्या भागाइतका, कुठल्याही एसटीपेक्षा सौम्य. आबा जरा पूर्वेकडे झुकून बसतील एवढंच. पण समुद्राला तेवढंही सोसत नाही. त्याची पातळी किलोमीटरला बारा मीटर असा उतार धरायला बघेल, आणि किलोमीटर तर शेकड्यांनी आहेत. बरं, एक दिवस घेऊ. तरी किलोमीटरला अर्धा मीटर. आपल्या अक्षांशावर अरबी समुद्र सुमारे अठराशे किलोमीटर रुंद आहे, म्हणजे पूर्वेच्या काठावर पाणी काही शे मीटर चढणार. कोकण जाईल, सह्याद्री आडवा येईल, कोरेगाव कदाचित वाचेल. नुकसान न करता थांबवायची असेल तर ब्रेक वर्षभर दाबत राहावा लागेल. तेव्हा कुठं हा फरक समुद्राच्या दोन काठांत अडीचेक मीटरवर येतो, भरती-ओहोटीएवढा.

चालतं ते थांबवायला धीर लागतो, हे आमच्या तालुक्याला पुस्तकाबाहेर ठाऊक आहे. कोरेगाव तालुक्याचा बराच भाग पर्जन्यछायेतला. महाबळेश्वरला जो पाऊस कोसळतो त्याचा लहानसा हिस्सा इथं येतो, आणि तो जो येतो तोही उताराला लागून धूम ठोकतो. २०१६ च्या उन्हाळ्यात पाणी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली ती तीन तालुक्यांत: वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. पहिला नंबर आमच्या वेळू गावाचा आला. पाणलोटाच्या कामात एक घोषवाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं: पळणाऱ्या पाण्याला चालायला लावा, चालणाऱ्याला थांबायला लावा, थांबलेल्याला जिरवा. यातला क्रम महत्त्वाचा. पळणाऱ्याला थेट थांबवायला गेलं की बांध फुटतो. म्हणून काम ‘माथा ते पायथा’: वर डोंगरावर सलग समतल चर, मग दगडी बांध, मग खाली माती नाला बांध. पायथ्यालाच एक मोठी भिंत घालून मोकळं व्हायची घाई पूर्वी अनेक ठिकाणी झाली, आणि त्या भिंतींचे अवशेष तुम्हांला कुठल्याही ओढ्यात दिसतील.

त्या उन्हाळ्यात श्रमदानाला गेलो तेव्हा माझ्या हाती कुदळ आली नाही, हायड्रोमार्करची काठी आली. दोन सारख्या काठ्या, दोन्हींवर पट्टी, आणि त्यांना जोडणारी पाणी भरलेली पारदर्शक नळी. एकजण एका जागी काठी धरतो, दुसरा उतारावर खालीवर सरकत जातो, दोन्हीकडे पाणी एकाच आकड्यावर आलं की ते दोन बिंदू एका पातळीत. तिथं फक्की टाकायची. नळीत बुडबुडा राहिला तर सगळं चुकतं. म्हणून टिचक्या मारून तो वर काढतात. समोरच्या काकू मला म्हणत होत्या, “आवं, हलू नगा. पानी ठरू द्या आधी.” मी श्वास रोखून उभा. पाणी वरखाली, वरखाली करत एकदाचं ठरलं. डोंगराच्या अंगावर फक्कीची पांढरी रेघ पुढं सरकली.

ती रेघ समतल असते म्हणजे काय, हे कळलं तेव्हा मला नळीतलं पाणी पुन्हा बघावंसं वाटलं. पाणी ठरतं ते नुसत्या गुरुत्वानं नव्हे. पृथ्वीच्या फिरण्यामुळं प्रत्येक वस्तू अक्षापासून बाहेर फेकली जायला बघते आणि उत्तर गोलार्धात त्या रेट्याचा एक अंश दक्षिणेकडे असतो. आपल्या अक्षांशावर हा अंश गुरुत्वाच्या हजाराव्या भागाइतका भरतो. पृथ्वी हळुवारपणे थांबली, कुणाला खरचटलंही नाही, तरी हा दक्षिणेचा रेटा गेला. त्याबरोबर ‘सपाट’ काय हेच बदललं: दर किलोमीटरला एक मीटर. वेळूच्या डोंगरावर दक्षिणोत्तर शंभर मीटर चर खणला असेल तर त्याचं एक टोक दहा सेंटिमीटरनं चुकलं. पाणी उत्तरेच्या टोकाला जमणार. काकूंना पुन्हा फक्की घेऊन यावं लागणार.

चर दुरुस्त होतील. कृष्णेचं काय? महाबळेश्वरहून निघालेली ही नदी वाई-कराड करत दक्षिणेकडे सांगलीला जाते, आणि कराडच्या खाली तिचा उतार अगदी मंद होतो, किलोमीटरला एक मीटरही नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं आणि दिवसेंदिवस उतरेना, त्यामागं धरणं, पाऊस, नदीकाठची बांधकामं अशी भांडणाची पुष्कळ कारणं आहेत. पण तळाशी हा मंद उतार आहेच. पृथ्वी थांबली तर उत्तरेकडचा नवा उतार कृष्णेच्या जुन्या उतारापेक्षा जास्त भरेल. सांगलीचं पाणी कराडकडे निघेल. सांगलीकर जे सात किलोमीटर आमच्या पुढं म्हणून मिरवत होते, त्यांची नदीच मागं फिरेल. इतकी वर्षं कृष्णा दक्षिणेला जाते ती नुसती डोंगर उतरत नाही. कराडच्या खालच्या टप्प्यात पृथ्वीची फिरकी तिला पुढं ढकलत असते, हे मला कुठल्याही माहात्म्यापेक्षा मोठं वाटतं.

पृथ्वीला ब्रेक लागलेलाच आहे म्हणा. चंद्र तो लावतो, भरती-ओहोटीच्या घर्षणातून. बॅबिलोन आणि चीनमधल्या जुन्या ग्रहणांच्या नोंदी तपासून दिवस शतकाला पावणेदोन मिलिसेकंदांनी लांबतो असं काढलं आहे. त्या बदल्यात चंद्र वर्षाला ३.८ सेंटिमीटर दूर जातो. १९६३ मध्ये जॉन वेल्स या शास्त्रज्ञानं (हा वेल्स वेगळा) चाळीस कोटी वर्षांपूर्वीच्या प्रवाळांवरच्या रोजच्या वाढीच्या रेषा मोजल्या, तेव्हा वर्षाला चारशेच्या आसपास दिवस भरले. त्या काळी कोरेगावची जमीन आजच्यापेक्षा वेगानं धावत होती. वर्षभर ब्रेक दाबायचा हिशेब मी वर मांडला. चंद्राचा धीर त्याहून कितीतरी मोठा आहे, म्हणून समुद्राला पत्ता लागत नाही.

घड्याळाला मात्र लागतो. अणुघड्याळं पृथ्वीपेक्षा शिस्तीची, त्यामुळं १९७२ पासून अधूनमधून एक जादा सेकंद घालून पृथ्वीची वाट पाहावी लागली, एकंदर २७ वेळा. शेवटचा सेकंद आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे आला. ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर साडेपाच वाजले नाहीत. मध्ये ६० वा सेकंद आला. रविवार होता. डेअरीवर दुधाचे कॅन लागत असतील तेव्हा देशाची वेळ एक सेकंद जागेवर उभी राहिली. थांबण्याची जी इच्छा आपण सतत करत असतो ती अधिकृतपणे पुरी झाली, आणि कोरेगावात कुणाच्या लक्षातही आलं नाही. २०२२ मध्ये जगानं ठरवलं की २०३५ पर्यंत हा प्रकारच बंद करायचा. त्यात भर म्हणजे अलीकडे पृथ्वी जरा घाईत आहे. ५ जुलै २०२४ चा दिवस चोवीस तासांपेक्षा १.६६ मिलिसेकंदांनी लहान भरला.

या घाई-दिरंगाईत माणसाचाही हात आहे, आणि तो हात आमच्या जिल्ह्यात ओळखीचा आहे. पाणी उंचावर साठवलं की वस्तुमान अक्षापासून लांब जातं आणि दिवस किंचित लांबतो. चीनच्या थ्री गॉर्जेस धरणापायी तो ०.०६ मायक्रोसेकंदांनी लांबतो असं गणित मांडलं गेलं. कोयनेत त्याच्या तेराव्या-चौदाव्या हिश्श्याएवढं पाणी. कोयना म्हटलं की आमच्या घरातली वडीलधारी माणसं धरणाआधी ११ डिसेंबर १९६७ ची पहाट सांगतात: चार वाजून एकवीस मिनिटं, फळीवरचे डबे खाली, माणसं थंडीत अंगणात. जलाशयाच्या भारानं चेतवलेल्या भूकंपांत त्याचं नाव जगभर घेतलं जातं. पाटण तालुक्यात माणसं गेली, घरं गेली. पृथ्वीच्या फिरकीवर परिणाम मात्र मोजता येण्याइतका नाही. त्यासाठी २००४ चा सुमात्रा लागतो, आणि तिथंही गणितानं निघतात ते २.६८ मायक्रोसेकंद. एका जिल्ह्याचा जीव थरकापवणारी गोष्ट पृथ्वीच्या खिजगणतीतही नसते.

भूकंपाहून बोअरवेल भारी ठरतात. २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या शास्त्रज्ञांनी दाखवलं की १९९३ ते २०१० या काळात जगानं जमिनीतून जे पाणी उपसलं, त्यानं फिरण्याचा ध्रुव सुमारे ८० सेंटिमीटर सरकला. सर्वांत जास्त भार पडला तो अमेरिकेच्या पश्चिमेचा आणि वायव्य भारताचा. आपला उपसा त्या यादीत वर नाही, पण हिशेबात आहे. आमच्या शिवारात पाचशे-सातशे फूट खाली गेलेली प्रत्येक बोअरवेल या अक्षाला कणभर तरी ढकलते. आणि वेळूत जिरलेलं पाणी उलटं. त्या काकूंना मी हे अजून सांगितलेलं नाही. सांगितलं तर ‘मग आमाला बक्षीस वाढवून द्या की’ म्हणतील.

पृथ्वी फिरते हे मान्य करायला माणसाला लंबक, ग्रहणं, अणुघड्याळं लागली. तुम्हांला काठी पुरेल. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं, कोरेगाव ७४ अंशांच्या थोडं पुढं. म्हणून इथला खरा मध्यान्ह सरासरीनं १२ वाजून ३३ मिनिटांना होतो, मे महिन्यात साडेबारालाच. मेच्या १० किंवा ११ तारखेला कोरेगावात असाल तर सव्वाबाराला अंगणात मीटरभर काठी ओळंब्यानं सरळ उभी करा. लेकराबाळांना बोलवा, डोक्यावर टोपी ठेवा. साडेबाराला सूर्य अगदी माथ्यावर येतो आणि काठीची सावली तिच्या बुडाशी नाहीशी होते. मग मोबाइल खिशात ठेवून पाच मिनिटं तिथंच उभे राहा. सावली पूर्वेकडे बाहेर पडेल, दोन सेंटिमीटर. ऑगस्टच्या सुरुवातीला हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा आमच्याकडे ढग असतात.